छपरावरचें पाऊल

मृग नक्षत्र जवळ आलें कीं छपरांच्या डागडुजीची घाई सुरू होते. जालना शहराभोंवतीं पोलादाचे कारखाने, जिनिंग व गोदामें पुष्कळ. त्यांवर चढणारा मजूर मात्र बहुधा दोन दिवसांपुरताच आलेला असतो.

सिमेंटचा पत्रा ऊन-पावसानें ठिसूळ होत जातो, पण वरून पाहतांना तो घट्टच भासतो. उजेडासाठीं बसविलेला पारदर्शक पत्राही धुळीनें माखला कीं ओळखूं येत नाहीं. जाणता कामकरी बोल्टांच्या ओळीवरून चालतो, कारण त्याखालीं आडवा वासा असतो. परंतु तोल सांवरतांना पाऊल वीतभर सरकलें, तर सारा भार निराधार पत्र्यावर पडतो.

सहा मीटर उंचीवरून माणूस सव्वा सेकंदाच्या आंत जमिनीवर येतो. त्या वेळीं त्याचा वेग ताशीं सुमारें ३९ किलोमीटर असतो. इतक्या अवधींत अनुभव कामास येत नाहीं. म्हणून बंदोबस्त आधींच हवा: भार अनेक वाशांवर वांटणाऱ्या रुंद फळ्या, खालीं जाळी, आणि खांद्या-मांड्यांना वेढणारा पट्टा. त्या पट्ट्याचा दोर भक्कम जागीं बांधलेला नसेल, तर पट्टा केवळ शोभेचा.

१९४८ च्या कारखाने-कायद्यानें, पडण्याचा संभव असेल तेथें कठड्याची वा अन्य संरक्षणाची अपेक्षा ठेविली. घराच्या छपरावर चढणाऱ्याला मात्र बहुधा ‘जपून जा’ एवढेंच सांगितलें जातें. शब्दानें पत्रा मजबूत होत नाहीं. मजूर शिडीवर पाय ठेवण्यापूर्वीं घरधन्यानें फळी व दोर मागावा, हेंच खरें जपणें.