एकमेकांस भिडणारी शहरे

वाढत वाढत शहरे एकमेकांस भिडली, की त्यांचा नगरसमूह बनतो. मुंबईचे उदाहरण घ्यावे. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे पोहोचली. पुढे स्थानकांभोवती वस्ती वाढत गेली. मधली शेते व मिठागरे आक्रसली. २०११ च्या जनगणनेनुसार या नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे १.८४ कोटी होती. येथे अनेकांचे घर एका शहरात, तर नोकरी दुसऱ्या शहरात असते. मुंबईला पाणीही दूरच्या शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून येते. महानगरपालिका अनेक असल्या, तरी पाणी, वाहतूक व सांडपाणी त्यांच्या सीमा मानीत नाहीत. संपूर्ण प्रदेशाच्या एकत्रित नियोजनासाठीच १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. शहरे आपोआप जोडली जातात. त्यांचा कारभार मात्र जाणीवपूर्वक जोडावा लागतो.