घरच्या बियांतून डेलियाचे नवे वाण

डेलियाचा कंद जपून ठेवून पुढील हंगामात लावला, तर गेल्या वर्षीचेच फूल पुन्हा मिळते. त्याच झाडाचे बी पेरले, तर येणारे प्रत्येक रोप मातृवृक्षाहून आणि आपल्या भावंडांहूनही निराळे निघते. कंदापासून जुन्या झाडाची प्रत तयार होते, तर बियांतून नवी वनस्पती जन्माला येते. शेतीतील असंख्य वाणांचा इतिहास या दोन प्रक्रियांच्या मेळातून घडला आहे. डेलियाच्या बाबतीत त्या घरच्या वाफ्यात, दोन-तीन वर्षांच्या अवधीत पाहता येतात. आनुवंशिकता, निवड आणि वनस्पती वाणांवरील कायदेशीर हक्क हे तिन्ही विषय समजून घेण्यासाठी हे फूल म्हणूनच उपयुक्त उदाहरण ठरते.

मेक्सिको ते युरोप

डेलियाच्या रानटी प्रजाती प्रामुख्याने मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या डोंगराळ प्रदेशात आढळतात. मेक्सिकोने १९६३ मध्ये डेलियाला राष्ट्रीय पुष्पाचा दर्जा दिला. १७८९ मध्ये मेक्सिकोतून डेलियाचे बी स्पेनमधील माद्रिदच्या राजोद्यानात पोहोचले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ कावानियेस यांनी १७९१ मध्ये स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ आंदेर्स डाल यांच्या स्मरणार्थ या वंशाचे नामकरण केले. पुढे १८०४ मध्ये हम्बोल्ट व बाँप्लां या संशोधकांनी आणलेल्या बियांमुळे युरोपात या वनस्पतीचा प्रसार वाढला. बी पेरणे, आलेल्या रोपांतून वेगळे फूल निवडणे आणि त्याचे कंद वाढवणे हीच तेथील बागायतदारांची मुख्य पद्धती होती.

एखादे झाड किती दूरवर परिणाम घडवू शकते, याचे उदाहरण १८७२ मधील आहे. मेक्सिकोहून हॉलंडला पाठविलेल्या कंदांपैकी केवळ एकच कंद जिवंत राहिला. त्याला टोकदार, कडा मागे वळलेल्या पाकळ्यांचे लाल फूल आले. मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेस यांचे नाव त्याला देण्यात आले. इतर डेलियांशी त्याचा संकर होऊन ‘कॅक्टस’ या प्रकारातील डेलियांची परंपरा सुरू झाली. १९२४ च्या सुमारास वेल्समध्ये फ्रेड ट्रेसेडर यांनी निवडलेले, गडद पानांचे व लाल फुलांचे ‘बिशप ऑफ लँडाफ’ हे वाण आजही लावले जाते. या वाणाचे आजचे प्रत्येक अस्सल झाड त्या मूळ रोपाचीच कंद वा छाटाद्वारे काढलेली प्रत आहे.

भारतात डोंगराळ भागात डेलियाची लागवड मार्च-एप्रिलमध्ये, तर मैदानी प्रदेशात पावसाळा सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. मैदानात हिवाळा हा बहराचा काळ असतो.

बियांतून वैविध्य का येते?

मनुष्यासह बहुतेक प्राणी द्विगुणित असतात, म्हणजे त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेतील डेलिया अष्टगुणित आहे. त्याच्या पेशीत आठ संच, एकूण ६४ गुणसूत्रे असतात. साहजिकच एकाच जनुकाच्या आठ प्रती उपलब्ध असतात. त्यांपैकी चार परागातून वा बीजांडातून पुढील पिढीत जातात. आठही प्रती परस्परांहून भिन्न आहेत आणि त्या मुक्तपणे विभागल्या जातात असे मानले, तर चार प्रतींचे ७० वेगवेगळे गट संभवतात. नर व मादी दोन्ही झाडांच्या बाजूने विचार केल्यास एकाच जनुकाबाबत ७० गुणिले ७०, म्हणजे ४,९०० मेळ होतात. द्विगुणित सजीवात हीच संख्या दोन गुणिले दोन, म्हणजे चार असते. प्रत्यक्षात रंग, आकार, उंची, पाकळ्यांची ठेवण अशा गुणांमागे अनेक जनुके असतात. त्यामुळे एका बोंडातील दोन बियांतून एकसारखी झाडे येण्याची शक्यता नगण्य ठरते.

यात परागणाच्या पद्धतीची भर पडते. डेलियामध्ये स्वतःच्या परागाने बीजधारणा सहसा होत नाही. मधमाश्या व इतर कीटक दुसऱ्या झाडाचे पराग आणतात, म्हणूनच संकर घडतो. बागेत गोळा केलेल्या बियांची आई निश्चित ठाऊक असते, वडील मात्र बहुधा अज्ञात राहतात.

तरीही हे वैविध्य अमर्याद नसते. डेलियातील तांबड्या-जांभळ्या छटा अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांमुळे, तर पिवळ्या छटा मुख्यतः चाल्कोन गटातील द्रव्यांमुळे येतात. खऱ्या निळ्या रंगासाठी लागणारे रंगद्रव्य डेलियात तयार होत नाही. म्हणून दोन शतकांच्या पैदाशीनंतरही निळा डेलिया मिळालेला नाही. जे जनुक आई-वडिलांत नाही, ते निवडीने आणता येत नाही हा पैदाशशास्त्राचा मूलभूत नियम येथे स्पष्ट होतो.

बी धरणे व गोळा करणे

डेलिया सूर्यफुलाच्या कुळातील आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक लहान पुष्पकांचा गुच्छ, म्हणजे स्तबक असतो. कडेची रंगीत पाकळीसारखी ती किरणपुष्पके आणि मधल्या पिवळ्या चकतीतील ती बिंबपुष्पके. एकेरी फुलात ही चकती उघडी असल्याने मधमाश्यांना पराग सहज मिळतो व बी भरपूर धरते. गच्च भरलेल्या फुलात बहुतांश बिंबपुष्पकांची जागा पाकळ्यांनी घेतलेली असते, त्यामुळे बी फार कमी मिळते. भरदार फुलांचे नवे वाण दुर्मिळ व मोलाचे ठरण्यामागे हेही एक कारण आहे.

दोन्ही पालक निश्चित हवे असल्यास हस्तपरागण करावे लागते. निवडलेली कळी उमलण्यापूर्वी तिच्यावर पातळ कापडाची पिशवी बांधतात. बिंबपुष्पके बाहेरून आत अशी वर्तुळावर्तुळाने उमलतात. प्रत्येकातून प्रथम पराग बाहेर पडतो व नंतर किंजल्काचे दोन फाटे उघडतात. या अवस्थेत मऊ कुंचल्याने दुसऱ्या झाडाचे पराग लावून पिशवी पुन्हा बांधतात आणि दोन्ही पालकांची नावे व तारीख लिहिलेली चिठ्ठी देठास अडकवतात.

पाकळ्या गळाल्यानंतर बी पक्व होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कोवळी कळी गोल व चपटी असते, तर बी धरलेले बोंड निमुळते, शंकूसारखे दिसते. ही खूण न ओळखल्यास सुकलेली फुले खुडताना बोंडेही खुडली जातात. बोंड तपकिरी व कागदासारखे कोरडे झाले की देठासह कापून सावलीत वाळवतात. ओलाव्याने बोंड आतून कुजते. मैदानी प्रदेशात बी पिकण्याचा काळ हिवाळ्याच्या अखेरच्या कोरड्या दिवसांत येतो, ही येथील मोठी सोय आहे. भरलेले बी गडद रंगाचे, लांबट व टणक असते. पोकळ, फिकट बी टाकून उरलेले कागदी पाकिटात, कोरड्या व थंड जागी ठेवावे.

रोपांपासून वाणापर्यंत

बी निचऱ्याच्या मातीत सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल पेरतात. २० अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानात ते बहुधा एक ते दोन आठवड्यांत उगवते. पानांच्या दोन जोड्या आल्यावर रोपे वेगळी लावली की तीन ते चार महिन्यांत पहिले फूल येते. त्याच हंगामात जमिनीखाली कंदही तयार होतात. येथून निवडीचे काम सुरू होते.

पहिल्या वर्षी बहुसंख्य रोपे नाकारावी लागतात. काहींचा देठ फुलाचा भार पेलत नाही, काहींची फुले पानांआड लपतात, तर काही रोपे रोगाला लवकर बळी पडतात. मोझॅकसारखा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो व कंदातून पुढील पिढीत उतरतो. त्यामुळे पाने चिवट पिवळसर, ठिपकेदार वा आखडलेली दिसणारी रोपे उपटून नष्ट करणे हिताचे असते. निवडलेल्या रोपाचे कंद उन्हाळा-पावसाळ्यात कोरड्या वाळूत, सावलीत साठवतात. प्रत्येक तुकड्यासोबत खोडाकडील डोळा असावा लागतो, कारण डोळ्याविना कंद अंकुरत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी कंद व शेंड्याच्या छाटांपासून वाढवलेली सर्व झाडे एकसारखी फुलली, तरच त्या रोपाला वाण म्हणता येते. स्वामी विनयानंद यांचे नाव भारतातील डेलियाच्या पैदाशीत आदराने घेतले जाते. त्यांच्यासारख्या जाणकारांनी याच चिकाटीने काम केले.

नव्या वाणावर हक्क कोणाचा?

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक करारातील अनुच्छेद २७.३ (ब) नुसार वनस्पती वाणांना पेटंटद्वारे किंवा स्वतंत्र पद्धतीने संरक्षण देणे सदस्य देशांना आवश्यक आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (जे) नुसार वनस्पती, बी व वाण यांवर पेटंट मिळत नाही. भारताने स्वतंत्र पद्धतीचा मार्ग निवडून ‘वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१’ संमत केला. त्यानुसार २००५ मध्ये नवी दिल्ली येथे प्राधिकरण स्थापन झाले.

नव्या वाणाच्या नोंदणीसाठी चार कसोट्या आहेत : नावीन्य, वेगळेपणा, एकरूपता आणि स्थिरता. ज्ञात असलेल्या प्रत्येक वाणाहून किमान एका महत्त्वाच्या गुणात फरक हवा. सर्व झाडे सारखी हवीत व वारंवार अभिवृद्धी केल्यावरही गुण टिकले पाहिजेत. कंदापासून वाढणाऱ्या डेलियासारख्या वनस्पतीत एकरूपता व स्थिरता तुलनेने सहज साधतात. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या वंश व प्रजातींच्याच वाणांची नोंदणी होते. वृक्ष व वेलींना कमाल १८ वर्षे, तर इतर पिकांना १५ वर्षे संरक्षण मिळते. वाणाला वेगळे नाव द्यावे लागते.

‘पैदासकार’ या संज्ञेत कायद्याने संस्थांसोबत शेतकऱ्यांचाही समावेश केला आहे. शेतकऱ्यांना या कायद्याखालील कार्यवाहीसाठी शुल्क माफ आहे. कलम ३० नुसार नोंदणीकृत वाणाचा उपयोग नवे वाण निर्माण करण्यासाठी प्रारंभिक स्रोत म्हणून करता येतो. कलम ३९ नुसार शेतकऱ्याला बी राखणे, पेरणे, वाटणे व विकणे यांचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाखाली विकण्याची मुभा मात्र नाही.

नावीन्याची कसोटी घरगुती पैदासकाराच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. पैदासकाराच्या संमतीने भारतात व्यापारी उपयोगासाठी विक्री होऊन एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर अर्ज केला, तर वाण ‘नवे’ राहत नाही. डेलियाचा एक कंद हाती आला की कोणीही त्याची शेकडो झाडे करू शकतो. अशा वेळी मूळ निवड कोणाची हे सिद्ध करण्यास आई-वडिलांची नावे, पेरणीची तारीख, छायाचित्रे व दरवर्षीच्या निरीक्षणांची वहीच उपयोगी पडते. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी डेलियाच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवते. ही नोंद केवळ नावापुरती असून तिच्यामुळे वाणावर मालकी हक्क मिळत नाही, हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

घरच्या परसात सापडलेले रोप देशव्यापी महत्त्वाचे ठरू शकते, हे हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याच्या हरिमन शर्मा यांनी सफरचंदाच्या बाबतीत दाखवून दिले. परसात टाकलेल्या बियांतून आलेले रोप त्यांनी जोपासले. कमी उंचीवर व उष्ण हवामानातही फळणारे ते वाण ‘एचआरएमएन-९९’ या नावाने ओळखले जाते. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने विविध राज्यांत त्याच्या चाचण्या घेतल्या आणि २०२५ मध्ये शर्मा यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

पुष्पशेती हे लहान जमीनधारक व रोपवाटिकाधारकांच्या उत्पन्नाचे साधन आहे. आयात केलेल्या कंदांच्या प्रती वाढवण्याबरोबरच स्थानिक हवामानात स्वतःच्या बियांतून निवड केल्यास येथील उन्हाळा व रोगांना तोंड देणारी वाणे मिळण्याची संधी निर्माण होते. त्यासाठी शास्त्रीय निवडीचे ज्ञान जितके गरजेचे, तितकीच नोंदी ठेवण्याची सवय व कायद्याची माहितीही गरजेची आहे. कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे व पुष्पप्रदर्शने भरवणाऱ्या संस्थांनी या तिन्ही बाबी घरगुती पैदासकारांपर्यंत पोहोचवल्या, तर त्यांच्या श्रमांचे श्रेय व मोबदला त्यांनाच मिळू शकेल.