स्वतःच्या चुकीचा धडा

व्यवसायनीती शिकवणारे प्राध्यापक सहसा दुसऱ्यांच्या चुकांची उदाहरणे देतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकवणाऱ्या डेनिस जॉया यांनी मात्र आपल्याच आयुष्यातील एक निर्णय अभ्यासाचा विषय केला. ज्या वयात मनुष्य आपली कीर्ती जपू पाहतो, त्या वयात त्यांनी आपल्या चुकीचा हिशेब जगापुढे मांडला. म्हणूनच त्यांच्या लेखनाला निराळे मोल आहे.

ही हकिगत फोर्ड कंपनीच्या ‘पिंटो’ या मोटारीची आहे. परदेशी लहान गाड्यांशी स्पर्धा करण्यासाठी कंपनीने ही गाडी मोठ्या घाईने तयार केली आणि १९७० मध्ये बाजारात आणली. वजन दोन हजार पौंडांच्या आत आणि किंमत दोन हजार डॉलरच्या आत राहिली पाहिजे, असा वरिष्ठांचा दंडक होता. गाडीची इंधनटाकी मागच्या आसाच्या पाठीमागे होती. मागून जोराची धडक बसली तर टाकी फुटून आग लागण्याचा धोका होता, आणि कंपनीच्या चाचण्यांतही टाकी फुटल्याचे आढळले होते.

जॉया १९७२ मध्ये या कंपनीत रुजू झाले. विद्यार्थिदशेत ते मोठ्या उद्योगांचे कडवे टीकाकार होते. आत शिरून व्यवस्था सुधारावी, या उमेदीने त्यांनी ही नोकरी स्वीकारली होती. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे मोठी जबाबदारी आली. कोणत्या गाड्यांत दोष आढळतो आणि कोणत्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागतील, यावर लक्ष ठेवण्याचे काम ते पाहू लागले. पिंटोला आग लागल्याचे अहवाल त्यांच्या मेजावर येऊ लागले. एकदा तर जळून कोळसा झालेली पिंटो त्यांनी प्रत्यक्ष पाहिली आणि त्यांचे मन हेलावले. त्यांनी प्रश्न सहकाऱ्यांपुढे ठेवला. चर्चा झाली, मते घेतली गेली, आणि गाड्या परत बोलवू नयेत असे ठरले. त्या बाजूने पडलेल्या मतांत जॉया यांचेही मत होते. त्यांच्या स्वतःजवळही एक पिंटो होती. ती त्यांनी पुढे आपल्या बहिणीला विकली.

१९७५ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. १९७७ मध्ये मार्क डाउई या पत्रकाराच्या लेखाने देशभर खळबळ उडाली. सरकारी तपासात अशा आगींत २७ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद झाली, आणि १९७८ मध्ये कंपनीने सुमारे पंधरा लाख गाड्या परत बोलावल्या.

प्राध्यापक झाल्यावर जॉया हेच प्रकरण वर्गात शिकवू लागले. तेव्हा त्यांना स्वतःविषयीच एक कोडे पडले. कंपनीत जाण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले असते, तर गाड्या परत बोलावणे हे कर्तव्यच आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले असते. कंपनी सोडल्यावरही त्यांचे मत तेच झाले. मग मधल्या काळात त्यांना हा नीतीचा प्रश्न आहे, असे वाटलेच कसे नाही?

१९९२ मध्ये ‘जर्नल ऑफ बिझनेस एथिक्स’ या नियतकालिकात त्यांनी याचे उत्तर शोधले. रोजच्या कामाच्या ओघात माणसाच्या मनात एक ठरलेली पटकथा तयार होते, असे ते सांगतात. कशाकडे लक्ष द्यायचे, कशाकडे नाही आणि पुढचे पाऊल कोणते, हे ती पटकथाच ठरवते. त्यांच्या खात्याच्या पटकथेत दोन प्रश्न होते: बिघाड वारंवार होतो का, आणि त्याचे निश्चित कारण सापडते का? पिंटोच्या आगींची संख्या इतर अहवालांच्या गर्दीत थोडी भासली, म्हणून प्रकरण मागे पडले. ‘यात माणसे जळत आहेत’ या गोष्टीला त्या पटकथेत स्थानच नव्हते. कामाचा प्रचंड बोजा असल्यामुळे भावना बाजूला ठेवणे हेच कार्यकुशलतेचे लक्षण मानले जात होते.

हे स्पष्टीकरण म्हणजे दोषमुक्तीचा दाखला नव्हे. जॉया यांच्या विवेचनाचे सार असे की, अनर्थ नेहमी लोभी वा दुष्ट माणसांच्याच हातून घडतो असे नाही. सज्जन, कष्टाळू आणि कर्तव्यदक्ष माणूसही सवयीच्या आहारी जाऊन त्याला हातभार लावू शकतो. म्हणून केवळ चांगली माणसे नेमून भागत नाही. कामाच्या ठरलेल्या रीतीतच नीतीचा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तरुणांनीही नोकरीत पाऊल टाकण्यापूर्वीच आपली मूल्ये पारखून घ्यावीत, असा त्यांचा आग्रह आहे. अन्यथा संस्थेची रीत कधी आपली रीत होऊन बसते, ते कळतही नाही.

हा धडा मोठ्या कारखान्यांपुरता नाही. घरच्या पेढीवरही परत आलेल्या मालाची वही असते, ग्राहकांच्या तक्रारी असतात आणि ‘असे नेहमीच होते’ हे तयार उत्तरही असते. नवी पिढी गादीवर बसते तेव्हा तिला खरेदीविक्रीचे आणि जमाखर्चाचे शिक्षण आवर्जून दिले जाते. त्याच वहीत प्रत्येक तक्रारीपुढे आणखी एक रकाना आखता येईल: यातून कोणाला इजा होऊ शकते? फोर्डच्या त्या कार्यालयातील कागदांवर हा रकाना असता, तर जळालेली गाडी पाहून हेलावलेल्या तरुणाला आपल्या मनाची साक्ष मांडायला जागा मिळाली असती.