भुताची अफवा आणि सोन्याचं रक्त : किंग हू यांचा ‘अ टच ऑफ झेन’

मागच्या व्याख्यानानंतर कुणीतरी विचारलं होतं, “या चिनी तलवारबाजीच्या सिनेमांत लोक झाडांवरून उडतात, ती नक्की माणसं असतात की भुतं?” तेव्हा हशा पिकला. पण प्रश्न चांगला आहे, आणि ‘अ टच ऑफ झेन’ हा तीन तासांचा सिनेमा जवळजवळ याच प्रश्नाभोवती फिरतो. आज तेवढा एकच घेऊ. शेवट सांगितल्याशिवाय मला बोलता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

थोडी पार्श्वभूमी. अशा कथांना चिनी भाषेत ‘वूश्या’ म्हणतात. ‘वू’ म्हणजे शस्त्रविद्या आणि ‘श्या’ म्हणजे अन्यायाविरुद्ध उभा राहणारा वीर. दिग्दर्शक किंग हू यांचा जन्म १९३२चा, बीजिंगमधला. ते हाँगकाँगला आले, तिथे १९६६ साली ‘कम ड्रिंक विथ मी’ केला आणि मग तैवानला गेले. तिथला ‘ड्रॅगन इन’ (१९६७) तुफान चालला, म्हणून पुढचा सिनेमा एवढ्या मोठ्या प्रमाणावर करता आला. त्याचं बीज पू सोंगलिंग (१६४०–१७१५) यांच्या भुताखेतांच्या कथासंग्रहातल्या एका छोट्या गोष्टीत आहे.

नायक गू हा अभ्यासू माणूस. चित्रं काढून पोट भरतो. आई सारखी मागे लागलेली : परीक्षा दे, लग्न कर. घराशेजारी एक ओसाड गढी आहे, तिथे भुतं राहतात असा बोभाटा. रात्री आवाज येतात, गू घाबरत घाबरत बघायला जातो. आपल्याकडे म्हणतात ना, भित्यापाठी ब्रह्मराक्षस! आणि निघतं काय, तर तिथे याङ नावाची मुलगी राहायला आली आहे. तिचे वडील सचोटीचे अधिकारी, त्यांना दरबारातल्या सत्ताधारी खोजाने मारलं, आणि आता त्याचे हेर हिच्या मागावर आहेत. म्हणजे भूत नव्हतंच, जीव मुठीत धरून लपलेलं माणूस होतं. हे उलगडेपर्यंत जवळजवळ तासभर धड लढाईसुद्धा होत नाही. काही प्रेक्षक इथेच कंटाळतात. माझं म्हणणं, थांबा.

मग येते बांबूच्या वनातली लढाई. साधारण दहा मिनिटांची, आणि तिच्या चित्रीकरणाला २५ दिवस लागले असं सांगतात. याङ उंच झेपावते, बांबूला लाथ मारते आणि शत्रूवर सरळ खाली सूर मारते. शू फेंग या अभिनेत्रीला काही उडता येत नव्हतं! हे सगळं लपवलेल्या उसळपट्ट्यांवरच्या उड्या आणि संकलन यांतून उभं केलंय. उडी अनेक तुकड्यांत कापली आहे, काही तुकडे इतके छोटे की डोळ्याला नुसती झुळूक जाणवते. मधला भाग आपलं मन भरून काढतं. लढायांची आखणी हान यिंगजिए यांची, ते पेकिंग ऑपेराच्या तालमीतले, त्यामुळे मारामारीलाही ताल आहे. पुढे आंग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये (२०००) बांबूवरची लढाई आली, तिची आजी हीच.

आता खरा मुद्दा. शत्रूची मोठी तुकडी चालून येते, इकडे माणसं मोजकी. गूला तलवार धरता येत नाही, पण डोकं चालतं. तो म्हणतो, गढीत भुतं आहेत असं गावाला वाटतंच, तर तेच वापरू. आई अफवा पसरवते. गढीत बाहुल्या, घंटा, सापळे लावले जातात. रात्री शिपाई आत शिरतात आणि भुतांच्या भीतीने सैरभैर होऊन मारले जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गू एकटा गढीत फिरतो. ही बाहुली अशी हलली, हा सापळा असा सुटला... स्वतःच्या हुशारीवर तो खो खो हसतो. मला तर इथे किंग हू स्वतःच पडद्यामागची यंत्रं दाखवतायत असं वाटतं. गू हसत हसत बाहेर येतो आणि समोर प्रेतं. जिकडे बघावं तिकडे प्रेतं. हसू थांबतं. बौद्ध भिक्षू येतात, मृतांची व्यवस्था करू लागतात, कुणी काही बोलत नाही. आणि गू याङला शोधायला लागतो. ती निघून गेलेली असते.

इथपर्यंत सिनेमाने आपल्याला काय शिकवलं? प्रत्येक भुतामागे कुणाचा तरी हात असतो. आपण हुशार झालो. आणि मग हू आपल्या हुशारीखालची सतरंजी ओढतात. याङने संन्यास घेतलाय, मूल गूच्या हवाली केलंय. तिच्या आणि तिच्या पाठीराख्या वृद्ध मठाधिपतींच्या (रॉय चियाओ) समोर शेवटचा शत्रू येतो, शरण आल्याचं नाटक करतो आणि त्यांना भोसकतो. जखमेतून वाहतं ते सोनेरी रक्त. रंग उलटेपालटे होतात, मारेकऱ्याला भलतंच दिसू लागतं आणि तो मरतो.

या रक्तामागची दोरी कुणाच्या हातात, हे कुणीच दाखवत नाही. गू तिथे असता, तर त्याने ती शोधली असती का? मला वाटतं, त्या सकाळनंतर नसती.

तैवानमध्ये हा सिनेमा १९७० आणि १९७१ साली दोन भागांत लावला गेला आणि पडला. १९७५ साली कान महोत्सवात त्याला तांत्रिक कामगिरीचा मोठा पुरस्कार मिळाला. ‘तांत्रिक’ हा शब्द ऐकून मला दरवेळी गंमत वाटते. कारण शेवटच्या दृश्यात मठाधिपती खडकावर बसलेत, डोक्यामागे सूर्य आलाय, आणि कॅमेरा नेमका कुठे ठेवला होता हे मला सांगता येतं. तरी दरवेळी मी बघतच राहतो.