कौलांना सावली कशासाठी?

उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातील भेगाळलेला चिखल तुम्ही पाहिलाच असेल. हाताने कौले थापणाऱ्या कारागिराला याच भेगांची धास्ती असते. इंग्लंडमध्ये हंबर खाडीच्या काठी, बार्टन-अपॉन-हंबर येथे १८४० साली कौलांचा एक कारखाना सुरू झाला. तेथील वाळवणीच्या जुन्या छपऱ्या लांबलचक व बुटक्या आहेत. वरून ऊनपाऊस लागत नाही; बाजूंनी वारा मात्र खेळतो.

असे का? ओल्या मातीच्या सूक्ष्म कणांमध्ये पाण्याचे पातळ थर असतात. पाणी उडून गेले, की कण जवळ येतात व कौल आकसते. कडक उन्हात पृष्ठभाग झटपट आकसतो, आतला ओला भाग तसाच राहतो. या ओढाताणीत कौल तडकते. सावलीत मात्र आतले पाणी बाहेर येण्यास अवसर मिळतो.

घाई करून ओलेच कौल भट्टीत घातले तर? पाण्याची वाफ होताना तिला सुमारे १६०० पट जागा लागते. ती न मिळाल्यास कौल फुटते!

करून पाहा : चिकणमातीच्या दोन सारख्या वड्या थापा. एक उन्हात, दुसरी सावलीत वाळवा आणि भेगांची तुलना करा.