पाण्यातल्या माशाचा सौदा

जानेवारीतील एका सकाळी फजरची नमाज आटोपून आम्ही कामठीजवळ कन्हान नदीच्या काठी गेलो. नागपूरची थंडी या दिवसांत अंगाला झोंबते. नदीचे पाणी उतरले होते. एक वयस्कर ढीवरबाबा गळ टाकून बसले होते. आमच्यासोबतचे मासळी व्यापारी त्यांच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी ८०० रुपये बाबांच्या हातावर ठेवले व म्हणाले, "आज दिवसभरात जे लागेल ते माझे." बाबांनी मान हलवली. सौदा झाला.

थंडीत रोहू सुस्तावतो. ऊन चढून पाणी जरा कोमट झाल्याशिवाय तो कणकेच्या गोळ्याकडे फिरकत नाही. वाट पाहता पाहता काश्मीरच्या ट्राउटची गोष्ट निघाली. हा मासा मूळचा आपल्याकडचा नव्हे, युरोपातला. त्याला थंडगार वाहते पाणी लागते. शौकीन लोक गळाला आमिषाऐवजी पिसे व धागा बांधून बनावट माशी तयार करतात आणि ती पाण्यावर फेकतात. हा मासा काश्मिरात रुजवण्यात फ्रँक मिचेल या गालिचा कारखानदाराचा मोठा वाटा होता. १८९९ साली आणलेली अंडी नष्ट झाली. १९०० साली दुसरी खेप जगली. पाण्यातल्या जिवाची हमी कोणाला देता येत नाही, हेच खरे.

कन्हानवर त्या दिवशी तेच झाले. असरपर्यंत दोन लहान रोहू व एक मरळ लागला. वजन दोन किलोच्या आत. व्यापारी बंधूंनी पैसे परत मागितले नाहीत; पण "बाबा, दुपारी डुलकी लागली होती ना?" असे बोलून गेले. बाबा दुखावले. इतक्या वर्षांचा घरोबा एका वाक्याने कडू झाला. उलट दहा किलो मासळी लागली असती, तर फसवले गेल्याचे दुःख बाबांना झाले असते. दोघेही प्रामाणिक, दोष सौद्याचा होता.

पाण्यातला मासा विकत घेऊ नका, त्यात धोका आहे, असे हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून कथन केले गेले आहे. माल हाती नाही, वजन ठाऊक नाही आणि पैसे मात्र दिले, अशा व्यवहाराला शरीअतमध्ये 'गरर' म्हणतात. मासा हलाल, पण सौदा नाजायज, अशी गत होते.

मग आगाऊ रक्कम द्यायचीच नाही काय? तसे नाही. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा लोक खजुरांसाठी वर्ष-दोन वर्षे आधी पैसे देत असत. आगाऊ देणाराने माप, वजन व मुदत ठरवून द्यावी, असे त्यांनी फर्माविले. यालाच 'सलम' म्हणतात. यात पूर्ण रक्कम आधी द्यावी, मालाची जात व प्रत ठरवावी, आणि अमुकच तळ्यातला मासा अशी अट घालू नये. ढीवराला नड असेल तर बिनव्याजी कर्ज द्यावे आणि मासळी काठावर आल्यावर तोलून त्या दिवसाच्या भावाने घ्यावी. कर्ज दिले म्हणून भाव पाडू नये.

ही गोष्ट केवळ मासळीवाल्यांची नाही. आपल्या भागात संत्र्याचा आंबिया किंवा मृग बहार झाडावर फूल असतानाच उचलला जातो. फळ तयार होण्याची चिन्हे दिसेपर्यंत ते विकू नये, ही हदीस बागवान बंधूंना ठाऊक असेलच. गारपीट झाली की कोर्टकचेरी का होते, हेही ठाऊक असेल. आपला ठराव कसा बसतो, ते जवळच्या जाणकार आलिमांना विचारून घ्यावे.

मगरिबच्या आधी व्यापारी बंधू पुन्हा काठावर गेले. बाबांची माफी मागितली. उद्यापासून किलोचा भाव, काट्यावर तोलून, असे ठरले. बाबांनी गळ गुंडाळला आणि तो मरळ आमच्या हाती दिला. तो मात्र आम्ही तोलूनच घेतला.