प्रवेशपरीक्षा आणि स्वाध्याय : साठ वर्षांचा मागोवा

1960 च्या सुमारास, खरगपूरपाठोपाठ मुंबई, मद्रास व कानपूर येथे तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्था, म्हणजे आयआयटी, उभ्या राहून त्यांच्या प्रवेशासाठी एक सामायिक परीक्षा घेण्याची पद्धत जेव्हा रूढ होऊ लागली, तेव्हा महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, शिकवणीची फी देण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यास त्या परीक्षेचे स्वरूप नेमके कसे असते हे कळणेसुद्धा दुरापास्त होते. पुढे कित्येक वर्षे राज्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्रवेश इंटरच्या, आणि नंतर बारावीच्या, गुणांवरच होत राहिल्यामुळे पाठ्यपुस्तक हेच बहुसंख्यांचे एकमेव शस्त्र होते, आणि त्याच्या पलीकडचे जे काही हवे असेल ते मिळविण्यासाठी सार्वजनिक ग्रंथालयाखेरीज दुसरा विनामूल्य आश्रय नव्हता.

या ग्रंथालयांचे ऋण आपण अद्याप पुरते मोजलेले नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे. म्हणजे स्पर्धेच्या परीक्षा अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीपासून वाचनाची ही व्यवस्था महाराष्ट्रात रुजलेली होती, आणि 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने तिला सरकारी मान्यतेची व अनुदानाची तरतूद मिळवून दिली. संदर्भ विभागातला ग्रंथ घरी नेण्याची मुभा नसे. म्हणून विद्यार्थी तेथेच बसून गणिताची उदाहरणे वहीत उतरवून घेत, आणि उतरवून घेता घेता ती अर्धी सुटत. ग्रंथालयाशी संलग्न अशी जी अभ्यासिका पुढे गावोगाव निघाली, तिने पुस्तकांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, मोलाचे दान दिले : दिवा, टेबल आणि शांतता. एका खोलीत पाच-सात माणसे राहतात अशा घरातल्या मुलाला या तीन गोष्टी कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक हव्या असतात, आणि आजही त्या आकाशमार्गे पोहोचविता येत नाहीत.

त्याच काळातल्या आणखी एका उपकाराचा उल्लेख करावयास हवा. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचे इंग्रजी ग्रंथ सोव्हिएत सरकारच्या आर्थिक पाठबळामुळे इतक्या अल्प किमतीस मिळत, की फुकट नसूनही ते गरिबाच्या आवाक्यात येत. इरोडॉव्ह यांचा भौतिकीच्या उदाहरणांचा संग्रह तर आयआयटीची तयारी करणाऱ्या कित्येक पिढ्यांनी अक्षरशः झिजवला. 1991 मध्ये सोव्हिएत संघ लयास गेला आणि हा ओघ आटला. परंतु त्यांपैकी अनेक ग्रंथांच्या छायाप्रती आज इंटरनेट आर्काइव्हवर कोणासही विनामूल्य वाचावयास मिळतात, ही घटना मला अतिशय समाधान देते.

दूरचित्रवाणीने या क्षेत्रात मोठ्या आशेने पदार्पण केले. विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्गाचा कार्यक्रम 15 ऑगस्ट 1984 पासून दूरदर्शनवर सुरू झाला व त्यासाठी पुणे विद्यापीठातल्या केंद्रातही चित्रफिती तयार होत. 2000 मध्ये ज्ञानदर्शन वाहिनी आली आणि 2003 मध्ये आयआयटींच्या अध्यापकांची व्याख्याने प्रक्षेपित करणारी एकलव्य वाहिनी. या सर्व योजनांमागील हेतू निःसंशय उदात्त होता. तथापि व्याख्यानाची वेळ ठरलेली, ते थांबवून पुन्हा ऐकण्याची सोय नाही, आणि ग्रामीण महाराष्ट्रात त्या दशकात भारनियमनाचा अंमल असल्यामुळे ऐन व्याख्यानाच्या वेळी वीज असेल याची शाश्वती नाही. सबब ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता त्यांच्यापर्यंत तो अंशतःच पोहोचला. 2017 मध्ये स्वयंप्रभा या नावाने 32 वाहिन्यांचा जो संच सुरू झाला, त्यात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षेसाठी आयआयटीच्या प्राध्यापकांचे साहाय्य देणाऱ्या वाहिन्या स्वतंत्रपणे राखून ठेवल्या होत्या, आणि त्यांचे पाठ नंतर महाजालावरही पाहता येऊ लागल्याने पूर्वीची उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली.

खरे स्थित्यंतर मात्र पुस्तकांच्या द्वाराने झाले. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेने जी नवी पाठ्यपुस्तके सिद्ध केली, ती तिने आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य ठेविली. आणि वैद्यकीय प्रवेशाची नीट ही परीक्षा देशभर एकच झाल्यावर या पुस्तकांचे, विशेषतः जीवशास्त्राच्या पुस्तकांचे, महत्त्व इतके वाढले, की त्यांतील प्रत्येक आकृती व तिच्याखालची ओळही अभ्यासाचा विषय झाली. बालभारतीनेही आपली पुस्तके याच रीतीने खुली केली, आणि राज्याच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेत सुमारे 80 टक्के भाग बारावीचा व 20 टक्के अकरावीचा असल्यामुळे त्या परीक्षेच्या उमेदवारास यांहून अधिक अधिकृत ग्रंथ शोधण्याचे कारण उरले नाही. त्यातच सप्टेंबर 2016 नंतर मोबाइलवरील डेटा एकाएकी स्वस्त झाला, यूट्यूबवर हिंदी-इंग्रजीतील सहस्रावधी व्याख्याने उपलब्ध झाली, आणि साहित्याची टंचाई हा जो पूर्वीचा मूळ रोग, तो नाहीसा होऊन त्याच्या जागी विपुलतेचा नवा रोग उद्भवला. एकाच प्रकरणावर चार जणांची व्याख्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्यास आपण अभ्यास केला असे वाटते. वस्तुतः त्याने अभ्यास होताना पाहिलेला असतो.

म्हणूनच या साठ वर्षांत विनामूल्य म्हणून जे जे मिळाले, त्यांत सर्वांत मौल्यवान कोणते असे मला कोणी विचारले, तर मी व्याख्यानांकडे बोट न दाखविता जुन्या प्रश्नपत्रिकांकडे दाखवीन. आयआयटीची प्रवेशपरीक्षा 2006 पासून पूर्णतः वस्तुनिष्ठ झाली. त्यापूर्वीच्या उत्तरांची मांडणी बरोबर की चूक हे जाणत्या माणसावाचून ठरविता येत नसे. नंतर मात्र उत्तरसूची हाती असली की एकाकी विद्यार्थीही आपलीच रुजुवात घेऊ शकला. सविस्तर युक्तिवाद लिहिण्याची शिस्त या बदलात लोपली, हे दुःख मी कमी लेखीत नाही, परंतु ज्याला शिकवणारा कोणी नव्हता त्याच्या हाती परीक्षकाचा अधिकार प्रथमच आला. 2017 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेने, म्हणजे एनटीएने, पुढे प्रश्नपत्रिका, उत्तरसूची व उमेदवाराने नोंदविलेली उत्तरे प्रसिद्ध करण्याची प्रथा पाडली, 2018 मध्ये संगणकावरील परीक्षेच्या सरावासाठी विनामूल्य केंद्रे उघडली, आणि मे 2020 मध्ये, महामारीने सारे वर्ग बंद असताना, ‘अभ्यास’ हे सराव-चाचण्यांचे ॲप दिले. अमेरिकेत सॅट परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने 2015 मध्येच खान अकॅडमीच्या साहाय्याने असा अधिकृत सराव मोफत केला होता. परीक्षा घेणाऱ्याने आपले दफ्तर उघडावे हे रास्तच आहे. त्याची फी भरणाऱ्या प्रत्येकाचा तो हक्क आहे. 2023 मध्ये आयआयटी कानपूरच्या साहाय्याने सुरू झालेला प्रवेशपरीक्षांच्या तयारीचा ‘साथी’ हा उपक्रमही याच दिशेचा आहे.

या साधनांचा उपयोग करण्याची रीत साधी असली तरी कष्टाची आहे. प्रथम अधिकृत अभ्यासक्रमाची प्रत घ्यावी. प्रत्येक विषयाला एकच पाठ्यपुस्तक धरावे. प्रकरण संपताच त्यावरील मागील प्रश्न सोडवावेत. आणि काही महिन्यांनी संपूर्ण प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, मध्ये न उठता, पुरी करावी. त्यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात, आणि तेच सर्वांत फलदायी असते : चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत नोंदवून तो संकल्पना न कळल्याने चुकला, आकडेमोडीत घसरला, की वाचतानाच गफलत झाली, हे शेजारी लिहावे. नीट आणि आयआयटी-प्रवेशाचा पहिला टप्पा असलेली जेईई मेन यांत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो. सीईटीत चुकीबद्दल गुण वजा होत नाहीत. पहिल्या दोहोंत संयम व सीईटीत धाडस कामी येते, आणि आपला स्वभाव कोणत्या बाजूस झुकतो हे ती वहीच सांगते.

आता उरते मराठी मुलाचे विशेष गाऱ्हाणे. नीट 2017 पासून मराठीतून देता येते व जेईई मेन 2021 पासून 13 भाषांत होते, त्यांत मराठी आहे. परंतु एनसीईआरटीची अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके आजवर इंग्रजी, हिंदी व उर्दू या भाषांतच प्रसिद्ध होत आली. प्रश्न मराठीत आणि त्याचा आधारग्रंथ परभाषेत, अशी ही विपरीत व्यवस्था आहे, आणि सेमी-इंग्रजी न घेतलेल्या खेड्यातल्या विद्यार्थ्यास तिचा भार सर्वाधिक सोसावा लागतो. भौतिकी व रसायनशास्त्र यांचे परिभाषाकोश भाषा संचालनालयाने कधीच सिद्ध करून ठेविले आहेत. म्हणजे शब्द आहेत, प्रश्नपत्रिका आहेत, अभ्यासिका आहेत. गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची पायरीपायरीने मांडलेली उत्तरे कोणी शिक्षकांनी मिळून मराठीत लिहावी, आणि राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाने त्यांची एकेक छापील प्रत प्रत्येक मान्यताप्राप्त वाचनालयाच्या अभ्यासिकेत ठेवावी, अशी तजवीज होण्यास फार मोठा निधी लागणार नाही.